एका रकातीला एक ओळ

विणकाम करणाऱ्या बाईला मधेच उठवू नये, असा कायदा करायला हवा. अर्धी ओळ सोडून उठलं की टाके सुईवरून घसरतात आणि परत येऊन बसल्यावर आपण कुठं होतो तेच कळत नाही. म्हणून विणणाऱ्या बाईच्या तोंडी एकच वाक्य असतं, "थांबा, एवढी ओळ होऊ द्या." हे वाक्य मी नवऱ्याला म्हटलंय, गॅसवाल्याला म्हटलंय आणि खरं सांगायचं तर अल्लाहलाही म्हटलंय. अजान व्हायची, मी म्हणायची एवढी ओळ. ती संपायची तोवर पुढची सुरू झालेली असायची. नमाज राहून जायची.

वेळ टळून राहिलेल्या नमाजेला आमच्यात कजा म्हणतात. ती माफ होत नाही, मागाहून पढून भरून काढावी लागते. आमच्या शेजारी शेतकरी घरातल्या एक ताई राहतात. एकदा दोघी ओट्यावर मेथी निवडत बसलो होतो आणि मी सहज बोलून गेले, "आज परत कजा झाली बघा." ताईंनी जुडी खाली ठेवली. "कुनाशी वो, भाभी? भाईंशी?" त्यांना वाटलं माझा कुणाशी तरी कज्जा झाला, भांडण झालं. मी पोट धरून हसले. मग सगळं समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मेथी परत हातात घेत म्हणाल्या, "मंग त्येच की. देवाशी कज्जा."

घरात आम्ही आमची दखनी बोलतो. पण मी मराठी शाळेत शिकले, त्यामुळं कागदावर उतरवायला बसले की माझी सगळी माणसं मराठीच बोलायला लागतात. विणायलाही मी त्याच शाळेत शिकले, शिवणाच्या बाईंकडून. लग्न होऊन सुप्याला आले, नवरा इथल्या एमआयडीसीत कामाला, दोन खोल्या आणि पुढं ओटा. ओट्यावरून पुणे रस्त्याचे ट्रक दिसत नाहीत पण ऐकू येतात. तिथं बसून मी नात्यातल्या आणि गल्लीतल्या एकूण एक बाळाचं टोपरं, मोजे आणि स्वेटर विणलेत. आपल्याकडं थंडी ती किती, संक्रांत सरली की संपली. तरी बाळ झालं की स्वेटर हवाच, आणि तो हाताचाच हवा. वैशाखात जन्मलेल्या एका बाळाला माझ्या स्वेटरनं अंगभर घामोळं आलं, पण त्याच्या आईनं फोटो निघेपर्यंत तो काही काढला नाही. मला बाई नाही म्हणता येत नाही. कुणाला दिवस गेले की पेढ्याच्या आधी माझ्याकडं निरोप येतो.

आमच्या सासूबाईंना, म्हणजे अम्मांना, हे माझं विणकाम कधी आवडलं नाही. विणण्यावर राग नव्हता, ओळीवर होता. अजान झाली की त्या पदर सारखा करत आतून ओरडायच्या, "सुया ठेव. आधी ते, मग हे." त्यांनी स्वतः उभ्या आयुष्यात एक नमाज चुकवली नाही. शेतात नाही, आगगाडीत नाही, बाईला माफ असलेले दिवस सोडले तर कधीच नाही. मला त्यांचा हेवा वाटायचा आणि वैतागही यायचा. त्यांच्यासारखं व्हायचं असं मी दर रमजानला ठरवायची, आणि ईद झाली की ये रे माझ्या मागल्या.

मग अम्मांचं विसरणं सुरू झालं. आधी भाजीत मीठ दोनदा पडायचं. मग माणसांची नावं गेली. मग एक दिवस माझा नवरा कामावरून घरात आला तर त्यांनी पटकन तोंडावर पदर ओढला आणि मला दबक्या आवाजात म्हणाल्या, "बाहेरच्या माणसाला सरळ आत कसा येऊ दिलास?" माझा नवरा न्हाणीघरात जाऊन रडला. पाणी सोडून रडला, मला ऐकू जाऊ नये म्हणून. तेव्हापासून अम्मा त्याच्या हातचं खात नाहीत, तो घरात असला की भिंतीकडं तोंड करून बसतात. एकदा मला ताप होता म्हणून तो दिवसभर त्यांच्याजवळ थांबला, तर त्यांनी चोर चोर म्हणून एवढा आरडाओरडा केला की सगळी गल्ली दारात जमा झाली.

शरीरानं मात्र अम्मा ठणठणीत. डॉक्टरांनी सगळं तपासलं आणि कौतुकानं म्हणाले, हार्ट तरण्या बाईसारखं आहे, काही काळजी करू नका. हार्टची काळजी मी करतच नव्हते. दार उघडं दिसलं की त्या चालायला लागायच्या, कुणीकडंही. एकदा पार हायवेपर्यंत गेल्या, एका टेम्पोवाल्यानं ओळखून आणून सोडलं. त्या दिवसापासून दाराला आतून कुलूप आणि किल्ली माझ्या ओढणीच्या टोकाला. लोक म्हणतात, अम्मांना कोंडून ठेवावं लागतं बिचाऱ्यांना. अरे बाबांनो, कुलूप आतून आहे, म्हणजे आत मीसुद्धा आहे की!

सगळं विसरल्या, पण नमाज विसरल्या नाहीत. म्हणजे तोंडचं सगळं पाठ होतं, एक अक्षर इकडचं तिकडं नाही. विसरल्या फक्त मोजायला. नमाज रकातींमध्ये असते. उभं राहायचं, कमरेत वाकायचं म्हणजे रुकू, दोनदा सजद्यात कपाळ टेकवायचं, ही झाली एक रकात. पहाटे दोन, दुपारी जोहरला चार, ऊन कललं की असरला चार, दिवस मावळला की मगरिबला तीन, रात्री इशाला चार, एवढ्या तरी व्हायलाच लागतात. अम्मांना आपण कितव्या रकातीत आहोत तेच कळेना. वाकल्या की मधेच थांबायच्या, आता काय म्हणून इकडं तिकडं बघायच्या, आणि घाबरून पहिल्यापासून सुरू करायच्या. दुपारची नमाज असरपर्यंत चालायची. संपली म्हणून मुसल्ला, नमाजेची चटई, गुंडाळली की विचारायच्या, "माझी जोहर झाली का गं?" झाली म्हटलं तरी विश्वास नाही, परत उभ्या.

आम्ही मौलानांना विचारलं. ते म्हणाले, आजारी माणसाला सवलत आहे, शेजारी कुणी तरी बसावं आणि सांगत जावं, आता वाका, आता उठा. कुणी तरी म्हणजे कोण, हे त्यांनी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही. दुसऱ्या दिवसापासून मी मुसल्ल्याशेजारी पाट टाकून बसायला लागले. "अम्मा, रुकू. अम्मा, उठा. आता सजदा. बसा. परत सजदा. उठा, ही दुसरी." दिवसातनं पाच वेळा. त्या एकदम शांत झाल्या. माझा आवाज आला की वाकायच्या, आवाज आला की उठायच्या, पूर्ण विश्वासानं.

पण मधल्या वेळात मी काय करायचं? रकात संथ चाललेली असते, हात नुसते मांडीवर. म्हणून मी विणायला घेतलं. तेव्हा मला शोध लागला की अम्मांची एक रकात आणि बाळाच्या स्वेटरची एक ओळ यांना वेळ सारखाच लागतो. मग काय, मोजायची कटकटच संपली. त्या उभ्या राहिल्या की मी ओळ सुरू करायची. पहिली रकात सुलट टाके, दुसरी उलट, तिसरी परत सुलट. सुईकडं बघितलं की कळायचं कितवी चाललीय. दिवसाच्या सतरा रकाती, सतरा ओळी. सतरा हा आकडा विषम, त्यामुळं आज पहाटे सुलटनं सुरुवात केली तर उद्या पहाटेची पहिली ओळ उलट यायची, एवढं एक ध्यानात ठेवावं लागे. तरी एकदा चूक झालीच. एका दुपारी टाका सुटला, मी ओळ उसवली आणि परत विणली, आणि त्या नादात एक रकात कमी धरली. अम्मांना चारच्या जागी पाच पढायला लावल्या. शेवटी दोन्हीकडं मान वळवून सलाम फेरून झाल्यावर त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की जुन्या अम्मा परत आल्या की काय असं वाटलं. "तुझं ध्यान कुठं आहे?" म्हणाल्या. "ओळ उसवली तुझी, रकात उसवते का?" त्यांना बरोबर कळलं होतं. पुढच्या क्षणी मला विचारलं, तू कोण, आणि पाणी देशील का.

या सगळ्यात माझी नमाज? ती कुठंच नव्हती. आधी निदान ओळीचं निमित्त होतं. आता अम्मांचं झालं की त्यांना न्हाणीघरात न्यायचं, चहा द्यायचा, पोळी बारीक करून भरवायची, तोवर वेळ टळलेली. दोघींनी शेजारी उभं राहून पढून बघितलं, पण माझ्या नमाजेत मला बोलता येत नाही, आणि मी बोलले नाही की त्या थांबतात. एकदा मी सजद्यात असताना त्या उठून दारापाशी गेल्या आणि कुलूप हिसकायला लागल्या. मी नमाज तोडून धावले. पहाटे त्यांच्या आधी उठून बघितलं, तर वजू करताना, हातपाय धुताना, पाण्याच्या आवाजानं त्या जाग्या. सगळे नातेवाईक फोनवर मला एकच सांगायचे, तुझं नशीब थोर, त्यांना पढवण्याचा सवाब तुलाच मिळतोय, पुण्य घरबसल्या. मला सवाब नको होता हो. मला दार लावून पाच मिनिटं हवी होती, ज्यात कुणी मला विचारणार नाही की आता काय. दिवसातनं पाच वेळा मी देवाच्या दाराशी दुसऱ्याला पोचवून परत येत होते.

अशात सोनईहून लेकीचा फोन आला. तिला दिवस गेले होते. आमची एकच लेक, तिचं पहिलंच. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत तुमच्यात आहे तशी आमच्यातही आहे. मी लगेच मनातल्या मनात खोली आवरायला घेतली. पण सातव्या महिन्याच्या कार्यक्रमाला तिच्या सासूनं मला बाजूला घेतलं. बाई वाईट नाही, समजूतदारच आहे. म्हणाली, "तुमच्याकडं आधीच एक लेकरू आहे सांभाळायला. तुम्ही हिचं करणार की त्यांचं? बाळंतपण इथंच होऊ द्या, तुम्ही या." मी हो म्हटलं. खरंच तर बोलत होती. लेकीनं मात्र निघताना माझा हात सोडला नाही. "अम्मी, त्या वेळेला तू पाहिजेस. दुसरं मला काही नको." मी तिला शब्द दिला. तिच्या डोक्यावर हात ठेवून दिला.

त्या कार्यक्रमाला आम्ही अम्मांनाही जीपमध्ये घालून नेलं होतं. येताना नगरच्या अलीकडं त्यांनी चालत्या गाडीचं दार उघडलं. मी वेळेत पदर धरला म्हणून निभावलं. त्यानंतर त्यांना कुठं न्यायचं नाही, असं ठरलं.

म्हणजे मी जायचं तर अम्मांजवळ कुणी तरी यायला हवं. नणंद मिरजगावला असते, अम्मांची सख्खी लेक, मी तिला आपा म्हणते. आपा फोनवर फार गोड. "तू काळजीच करू नको, कांदा निघाला की येतेच." कांदा निघाला. मग ज्वारीची काढणी होती. मग गुडघा दुखायला लागला. मी म्हटलं, आपा, बसूनच सांगायचंय फक्त, वाका आणि उठा, गुडघा तुमचा नाही अम्मांचा लागतो. तर तिला राग आला. आठ-दहा दिवस फोन नाही. नवरा म्हणाला, "तू जरा गोडीनं बोलत जा." मी म्हटलं, बोलाचीच कढी खाऊन मी इतके दिवस काढलेत, आणखी किती गोड बोलू?

मग मी शेजारच्या ताईंना धरलं. त्या स्वतःच म्हणाल्या, "त्यात काय हाय एवढं, मी रोज बघते की खिडकीतनं. वाकायचं, उठायचं, डोकं टेकायचं. अम्मा मला भीत न्हाईत. तुमी येक दुपार जाऊन तर बघा." खरंच, अम्मा ताईंना घाबरत नव्हत्या. माझ्या जिवात जीव आला. ताईंना एक दुपार जमलं तर दोन दिवसही जमेल, दोन दिवस जमले तर माझं सोनईला जाणं झालं. मी त्यांना सगळं समजावलं, दोनदा म्हणून घेतलं, आणि जोहरच्या आधी कुलूप काढून बाहेर पडले. बाजारात गेले, पांढरी लोकर घेतली, उसाचा रस प्याले. उभं राहून, एकटीनं. किती तरी महिन्यांनी मला कुणी अम्मा काय करतात असं न विचारता उभं राहू दिलं होतं.

परत आले तर ओट्यावर ताई मोबाईलवर बोलत होत्या. भावजयीचा फोन होता, जोरात चाललं होतं. मी आत गेले. अम्मा सजद्यात होत्या. कपाळ जमिनीला, दोन्ही हात बाजूला, पाठ वाकलेली. मला वाटलं आत्ताच टेकवलं असेल. पण त्या हलेनात. मी जवळ जाऊन बघितलं, तर श्वास लागला होता, बोटं पांढरी पडली होती, आणि ओठ मात्र तेच तेच म्हणत होते. ताईंनी "डोकं टेका" म्हटलं होतं, तेवढ्यात फोन वाजला, आणि "उठा" म्हणायचं राहून गेलं होतं. अम्मा उठा ऐकायची वाट बघत होत्या. "अम्मा, उठा," मी म्हटलं. त्या लगेच उठायला गेल्या, पण पाय कामातनं गेले होते, माझ्या अंगावरच कोसळल्या.

ताईंचं तोंड एवढंसं झालं. "मला काय म्हाईत वो भाभी, म्हटलं तुमच्यात आसंल लांब. देवापुढं पडल्यालं मानूस कसं उठवायचं मधीच?" त्या रडायला लागल्या. त्यांची काही चूक नव्हती. चूक हीच की अम्मांना उठवणारा आवाज दुनियेत एकच उरला होता आणि तो माझ्या गळ्यात होता. त्या दिवशी मला कळून चुकलं की मी सोनईला जाणार नाही. नवऱ्याला मी हे बोलले नाही. लेकीला तर नाहीच. तिचा रोज फोन यायचा, "अम्मी, बॅग भरलीस का?" आणि मी म्हणायची, "भरतेय."

खोटं नव्हतं ते. बॅग भरतच होते. टोपरं झालं, मोजे झाले, पुढं गुंड्यांचा स्वेटर झाला, हातमोजे झाले, पांढऱ्या लोकरीची दुलई झाली. लेकीच्या जन्मानंतर पहिल्यांदाच मी स्वतःच्या घरच्यासाठी विणत होते. अम्मांच्या रकातींमागं रकाती जात होत्या आणि दुलई लांब होत होती. इतकी लांब झाली की नवरा म्हणाला, बाळासाठी आहे का जावयासाठी? मी म्हटलं, बाळ मोठं होईल ना. खरं तर टाके बंद करायचे आणि बॅगेची चेन ओढायची म्हटलं की पुढं काय, याचं उत्तर नव्हतं. एका असरला मी शेवटी ते टाके बंद केले, कारण लोकरच संपली होती.

कळा सुरू झाल्याचा फोन आला तो नेमका दुसऱ्या दिवशी, सकाळी. नवरा फर्स्ट शिफ्टला गेला होता. मी आधी आपाला फोन लावला. माझा मान बाजूला ठेवला, हात जोडले, म्हटलं आपा, आज निघा, रात्रीपर्यंत पोचाल, दोन दिवसांत मी परत येते. आपा म्हणाली, "असं एकदम कसं गं? घरात पाहुणे आहेत. चार दिवसांनी बघते." चार दिवसांनी! मी फोन ठेवला नाही, आदळला. मग लेकीचा आला. तिला धड बोलता येत नव्हतं. "निघालीस का?" मी म्हटलं, "निघतेय." ती म्हणाली, "खरं सांग." मी गप्प बसले. तिकडं ती कळ आली म्हणून ओरडली का माझ्या गप्प बसण्यानं ओरडली, ते मला आजही ठाऊक नाही. मग तिच्या सासूनं फोन घेतला आणि म्हणाली, राहू द्या, मी आहे ना. त्या बाईचे उपकार आहेत माझ्यावर, पण त्या घडीला मला तिचा फार राग आला. माझ्या जागी ती उभी होती.

जोहर झाली. मी अम्मांना पढवलं. वाका म्हटलं, उठा म्हटलं, आवाज फाटत होता तरी म्हटलं. त्यांनी दोनदा विचारलं, बाई, तुला बरं नाही का. जोहरनंतर थोड्या वेळानं फोन आला. मुलगी झाली होती. दोघी सुखरूप. जावयानं रीतीप्रमाणं बाळाच्या कानात अजान दिली होती. व्हिडिओ कॉलवर बाळ दाखवलं, दुकानातल्या गुलाबी टॉवेलात गुंडाळलेलं, मूठ तोंडात. मागं लेक डोळे मिटून पडली होती. तिनं कॅमेऱ्याकडं बघितलं नाही.

शिफ्ट संपवून नवरा धावत आला. दारातनंच म्हणाला, "चल." मी बॅग उचलली. अम्मा पलंगावर बसून आमच्याकडं दोन अनोळखी माणसांकडं बघितल्यासारख्या बघत होत्या, आणि त्याला बघून पदर ओढत होत्या. तो बॅगेचा दुसरा बंद धरून उभा राहिला. काही वेळ आम्ही दोघं ती बॅग तशीच धरून होतो. मग मी माझा हात काढला. "तू जा," मी म्हटलं. "स्वेटर आजच घालू नका, ऊन आहे. दुलई अंथरा खाली." तो मोटारसायकलवर बॅग बांधून गेला. मी विणलेलं सगळं सोनईला गेलं आणि मी कुलूप लावून किल्ली ओढणीला बांधली.

असरची अजान झाली. मी अम्मांना वजू करवला, मुसल्ला अंथरला आणि शेजारी पाटावर बसले. हात रिकामे होते. मी बोटांवर मोजत होते, डोळ्यांतनं पाणी गळत होतं आणि तोंडानं सांगत होते, रुकू, उठा, सजदा. अम्मांनी चारही रकाती न चुकता पढल्या, सलाम फेरला आणि दुआला हात वर केले. दुआ त्या मनातल्या मनात मागतात, तेव्हा मी काही बोलत नाही. त्या दिवशी मात्र त्या माझ्याकडं बराच वेळ बघत राहिल्या आणि मोठ्यानं बोलायला लागल्या.

"या अल्लाह, ही बाई रोज माझ्याजवळ बसते. कुणाची आहे मला ठाऊक नाही. हिनं मला कधी टाकलं नाही. आज ही रडतेय, हिची लेकरं हिची वाट बघत असतील. हिला माझ्यातनं मोकळं कर. लवकर कर. हिला हिच्या लेकराकडं जाऊ दे."

मी तोंडाला ओढणी लावली. मला अम्मांतनं मोकळं करायचं म्हणजे अल्लाहनं काय करायचं? आपा येणार नव्हती. ताईंना जमणार नव्हतं. नवऱ्याला त्या जवळ येऊ देत नव्हत्या. एकच वाट राहत होती, आणि अम्मा आपल्या तोंडानं तीच मागत होत्या.

"आमीन म्हण ना गं," अम्मा म्हणाल्या.

मी मान हलवली, नाही म्हणून.

त्यांचे हात अजून वरच होते. मोठ्यानं मागितलेल्या दुआला शेजारच्याचं आमीन आल्याशिवाय त्या हात खाली घेत नाहीत, तसं त्यांच्या आईनं शिकवलंय. थोड्या वेळानं मनगटं थरथरायला लागली, मग कोपरापर्यंत. तरी त्या माझ्या तोंडाकडं बघत होत्या, जसं रुकूत बघतात, सजद्यात थांबतात, तसंच, मी कधी सांगते याची वाट बघत.

"आमीन," मी म्हटलं.

त्यांनी दोन्ही हात तोंडावरून फिरवले. मग माझ्याही.